मध्यम गुणांचा विद्यार्थी आणि महाविद्यालयाची निवड : पालकांसाठी एक अभ्यासलेख

दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलामुलींची छायाचित्रे येतात, पेढे वाटले जातात, चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागतात. अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी पुरवणी परीक्षा असते आणि धीर देणारे चार शब्दही असतात. या दोन टोकांच्या मध्ये पन्नास ते सत्तर टक्क्यांचा जो मोठा वर्ग असतो, त्याच्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. तो उत्तीर्ण झालेला असल्यामुळे त्याची काळजी कोणी करीत नाही, आणि पहिला आलेला नसल्यामुळे त्याचे कौतुकही होत नाही. वसतिशाळेत शिकणारी आपली बहुसंख्य मुले याच वर्गातील आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. म्हणून ‘पुढे कोठे घालायचे?’ हा प्रश्न या घरांत सर्वांत अवघड असतो. चुकीच्या प्रवेशाने एखाद्या सधन घराचे वर्ष वाया जाते. मजुरी करणाऱ्या घरातील मुलाचे मात्र बहुधा शिक्षणच थांबते. या प्रश्नाचा क्रमाने विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक जुने गुणपत्रक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते, म्हणजे शेकडा साडेसदतीसच्या आसपास. त्या काळी मॅट्रिक उत्तीर्ण होणे हीच मोठी गोष्ट होती, तेव्हा त्या आकड्याची आजच्या टक्केवारीशी सरळ तुलना करता येणार नाही. तरीही ते गुण कोणाचे डोळे दिपवणारे नव्हते, हे खरेच. ‘बाबासाहेबांनाही कमी गुण होते, मग आमच्या मुलाचे काय बिघडते?’ असे म्हणून स्वस्थ बसण्यासाठी हे उदाहरण नाही. त्या गुणांनंतर त्या मुलाभोवतीच्या मोठ्या माणसांनी काय केले, हा त्यातील आपल्या अभ्यासाचा भाग आहे.

साताऱ्याच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव दाखल झाले, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस २०१७ पासून राज्यात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीतील लहानशा जागेत राहू लागले. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे निवृत्तिवेतनावर जगणारे गृहस्थ. पण मुलाला हवे ते पुस्तक मिळावे म्हणून ते लेकींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून आणीत व गहाण ठेवीत. मुलगा पहाटे अभ्यास करू शकावा म्हणून स्वतः रात्री जागून त्याला वेळेवर उठवीत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले होते. मॅट्रिकनंतर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा झाली, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश झाला. इंटरनंतर वडिलांची ऐपत संपली, तेव्हा याच गुरुजींनी पुढाकार घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. महाविद्यालयातील प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१२ च्या परीक्षेत ते बी. ए. झाले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले.

या हकिगतीत चार आधार स्पष्ट दिसतात : अभ्यासाला जागा आणि वेळ देणारे घर, मुलाला ओळखणारा एक जाणता माणूस, अडल्या वेळी उभी राहिलेली आर्थिक मदत, आणि विद्यार्थ्याकडे लक्ष देणारा शिक्षक असलेले महाविद्यालय. मध्यम गुणांच्या मुलासाठी महाविद्यालय निवडताना हेच चार आधार तपासायचे असतात. गुण हा त्यापूर्वीचा एक आकडा आहे.

गुणपत्रक वाचावे कसे?

पालक बहुधा एकच आकडा पाहतात, टक्केवारी. प्रत्यक्षात टक्केवारी पुष्कळ गोष्टी झाकून टाकते. एक कल्पित उदाहरण घेऊ. दहावीच्या दोन विद्यार्थ्यांचे गुण असे आहेत :

पहिला विद्यार्थी : मराठी ७४, हिंदी ७०, इंग्रजी ५१, गणित ४६, विज्ञान ५३, सामाजिक शास्त्रे ६८.

दुसरा विद्यार्थी : मराठी ५८, हिंदी ५५, इंग्रजी ६०, गणित ७१, विज्ञान ७२, सामाजिक शास्त्रे ४६.

दोघांची बेरीज ६०० पैकी ३६२. सर्वोत्तम पाच विषय धरले तर दोघांनाही ५०० पैकी ३१६, म्हणजे ६३.२ टक्के. कागदावर दोघे अगदी सारखे. पण पहिल्याच्या टक्केवारीतून गळून पडलेला विषय गणित आहे, आणि त्याला ‘त्रेसष्ट टक्के आहेत, सायन्सला मिळतेय’ म्हणून विज्ञान शाखेत घातले, तर ज्या विषयावर ती शाखा उभी आहे तोच त्याचा सर्वांत कच्चा विषय ठरेल. दुसऱ्याला मात्र त्याच टक्केवारीवर पदविका अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखा झेपण्यासारखी आहे. म्हणून पहिला नियम असा की, टक्केवारी बाजूला ठेवून विषयवार गुण वाचावेत आणि नववीचे व सराव परीक्षांचे गुण शेजारी ठेवावेत. तीन परीक्षांत एकच विषय सतत वर किंवा सतत खाली दिसत असेल, तर तो योगायोग नसतो.

त्याबरोबर मुलाला हेही विचारावे की, हा विषय अवघड गेला की अभ्यासच झाला नाही? आजारपण, घरातील अडचण, शिक्षक मध्येच बदलणे, इंग्रजीतील प्रश्न न समजणे, अशी कारणे असतील तर ती दूर होऊ शकतात. मनापासून कष्ट करूनही विषय हाती लागत नसेल, तर त्या वाटेने त्याला ढकलू नये. वसतिगृहातील अधीक्षक आणि वर्गशिक्षक वर्षभर मुलाला जवळून पाहतात; पालक सुट्टीपुरते पाहतात. म्हणून निकालानंतर दाखला नेण्यासाठी शाळेत येणाऱ्या पालकांनी अर्धा तास काढून या दोघांशी अवश्य बोलावे.

आजची अडचण वेगळी आहे

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जागाच थोड्या होत्या. मध्यम गुणांच्या मुलापुढे ‘प्रवेश मिळेल का?’ एवढाच प्रश्न असे. १९८३ साली, सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्रात विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना परवानगी देण्याचे धोरण आले. त्यानंतर चित्र पालटत गेले. माधवनगरला लागून असलेल्या बुधगावात अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, साखराळ्याला उभे राहिले, पुढे गावोगावी संस्था निघाल्या. आज पन्नास-साठ टक्क्यांच्या मुलाला कोठे ना कोठे प्रवेश मिळतोच. पुष्कळदा संस्थांचे प्रतिनिधीच घरी येतात. त्यामुळे आता ‘मिळेल का?’ यापेक्षा ‘मिळते आहे ते घ्यावे का?’ हा प्रश्न महत्त्वाचा झाला आहे. दारी आलेल्या माणसाच्या गोड बोलण्यावर आणि रंगीत पुस्तिकेवर निर्णय होऊ नये. ‘शंभर टक्के नोकरी’ असे सांगणाऱ्याला गेल्या वर्षी कोणत्या शाखेतील किती मुले, कोठे आणि किती पगारावर लागली, हे लेखी मागावे.

वाटा कोणत्या?

आपल्या परिसरात एका दिवसात जाऊन पाहून येता येतील अशा पुष्कळ संस्था आहेत. विश्रामबागचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून कला व विज्ञानाचे शिक्षण देत आहे. वाणिज्य शाखेसाठी सांगलीत चिंतामणराव महाविद्यालय आहे. मिरजेत शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि सांगलीत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. सातारा, सांगली व कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांसाठी शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून उभे आहे.

या वाटांचा उतरता क्रम लावू नये. आयटीआयला जाणे म्हणजे शिक्षण संपणे, ही समजूत चुकीची आहे. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्या व नियमांत बसणाऱ्या विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात, आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. ज्याचा हात चालतो पण लांबलचक उत्तरे लिहिताना ज्याची दमछाक होते, अशा मुलाला ही पायऱ्यांची वाट पुष्कळदा मानवते. कुपवाड-मिरजेची औद्योगिक वसाहत, किर्लोस्करवाडीचा पंपांचा कारखाना, विटा-माधवनगर पट्ट्यातील यंत्रमाग, तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, मिरजेतील रुग्णालये, यांतील प्रत्येक व्यवसायाला कुशल माणसे लागतात. मुलाला सुट्टीत अशा एक-दोन ठिकाणी नेऊन तेथे काम करणाऱ्यांशी बोलू द्यावे.

पदवीच्या शिक्षणातही बदल झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर विशेष पदवी अशा टप्प्यांवर ठरावीक अटी पूर्ण करून थांबता येते. घरच्या अडचणीने शिक्षण सोडावे लागणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे. नोकरी करीत शिकू इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी सांभाळून शिकण्याची सोय ही आपल्याकडे जुनी परंपराच आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळच्या वेळेत ठेवले होते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. स्वतः भाऊरावांचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले होते, आणि रयत शिक्षण संस्थेच्या कामाला वाहून घेण्यापूर्वी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकण्याचेही काम केले होते.

महाविद्यालय पाहावे कसे?

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ या वर्षापासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला. विद्यार्थ्याला दहापर्यंत पसंतिक्रम देता येतात, आणि त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. म्हणजे अर्ज भरणाऱ्या केंद्रावरच्या माणसाने सुचविलेले नाव पहिल्या क्रमांकावर टाकले, तर ते गळ्यात पडू शकते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी कागदावर यादी करावी आणि तिचे तीन भाग करावेत : गेल्या वर्षीची गुणमर्यादा आपल्या गुणांपेक्षा थोडी वर असलेली दोन-तीन महाविद्यालये, बरोबरीची चार-पाच, आणि जेथे प्रवेश नक्की मिळेल अशी दोन. तिसऱ्या भागातील नावेही अशीच असावीत, जेथे मुलगा खरोखर जायला तयार आहे.

त्यानंतर शक्य तेवढी महाविद्यालये प्रत्यक्ष पाहावीत. सुट्टीच्या दिवशी जाऊ नये, कामाच्या दिवशी जावे. पुढील गोष्टी पाहाव्यात व विचाराव्यात :

१. तासिका नियमित होतात का? दुपारी दोन वाजता वर्गात मुले दिसतात, की केवळ हजेरीपटावर दिसतात?

२. मंजूर शिक्षक किती आणि प्रत्यक्ष नेमलेले किती? पूर्णवेळ किती?

३. प्रयोगशाळा, कार्यशाळा व ग्रंथालय उघडे आहे का? विद्यार्थ्याला पुस्तक घरी नेता येते का?

४. पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेल्यांपैकी किती विद्यार्थी शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचतात? मध्यम गुणांच्या मुलासाठी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्कृष्ट निकालाची जाहिरात करणाऱ्या संस्थेतही निम्मी मुले वाटेत गळत असतील, तर ती जागा आपल्या मुलाची नव्हे.

५. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीसाठी काही वेगळी मदत मिळते का?

६. विद्यापीठाची संलग्नता, आवश्यक ती शासकीय मान्यता आणि नॅकचे मूल्यांकन आहे का? १९९४ साली स्थापन झालेली नॅक ही संस्था महाविद्यालयांचे मूल्यांकन करते.

ही माहिती कार्यालयाइतकीच तेथे शिकणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मिळते. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मुलाला त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू द्यावे. पालकांनी त्या वेळी थोडे दूर उभे राहावे.

पैशाचा हिशेब

पालक शुल्काची चौकशी करतात, पण खर्च शुल्कापेक्षा मोठा असतो. समजा, परगावी खोली व खाणावळ मिळून महिन्याला ६,००० रुपये लागतात. वर्षाचे दहा महिने धरले तरी ६०,००० रुपये होतात, आणि तीन वर्षांचे १,८०,०००. यात पुस्तके, परीक्षा शुल्क, प्रवास, मोबाइल, आजारपण काहीच धरलेले नाही. म्हणून पहिल्या वर्षापुरता नव्हे, तर पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च वहीत मांडावा आणि त्यासमोर येणारी रक्कम लिहावी. खाजगी सावकाराचे कर्ज काढून घेतलेला प्रवेश मुलाच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून बसतो, आणि पहिल्या अपयशाबरोबर तो शिक्षण सोडतो.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्याहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी शुल्क प्रतिपूर्तीची स्वतंत्र योजना आहे. समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तीत निवास-भोजनाची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. तिला गुणांची अट आहे, म्हणून त्या वर्षीचे नियम वाचूनच अर्ज करावा. येथे एक सूचना अधोरेखित करावीशी वाटते : व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला, तरच या सवलती लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला त्या मिळत नाहीत. ‘आधी कोट्यातून घ्या, शिष्यवृत्ती नंतर बघू’ असे कोणी सांगितले, तर तेथून उठून यावे.

कागदपत्रे निकालापूर्वीच तयार असावीत : जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता महाविद्यालयामार्फत वेळेत करावा. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. केंद्रीय संस्थांसाठी दाखल्याचा नमुना राज्याच्या नमुन्याहून वेगळा असतो, तोही काढून ठेवावा. एका कागदासाठी हातची जागा जाणे, हे गुण कमी पडण्यापेक्षा अधिक दुःखाचे असते.

मुलींच्या बाबतीत

अनेक घरांत मुलासाठी दहा महाविद्यालयांची चौकशी होते आणि मुलीसाठी एकाच निकषाची, ‘जवळ कोणते?’. सुरक्षिततेची चिंता खरी आहे, पण तिचे उत्तर चांगल्या वसतिगृहात, सोबतीत आणि एसटीच्या वेळापत्रकात शोधावे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. जवळच्या महाविद्यालयात तिला हवी ती शाखाच नसेल, तर ते महाविद्यालय तिच्यासाठी जवळचे नव्हे. ‘मध्यम गुण’ हे कारण सांगून मुलीचे शिक्षण थांबविणे आणि तेवढ्याच गुणांवर मुलाला शहरात पाठविणे, हा भेद तरी आपल्या घरांत नसावा.

निर्णय कोणाचा?

सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर सगळा निर्णय सोपविणे आणि त्याला न विचारता अर्ज भरणे, या दोन्ही टोकांपासून दूर राहावे. घरात वाटणी अशी करता येते : किती खर्च झेपेल आणि किती अंतरावर पाठविता येईल, या मर्यादा पालकांनी आधीच स्पष्ट सांगाव्यात. त्या मर्यादेत कोणती शाखा व कोणते महाविद्यालय, याचा पहिला कौल मुलाने कारणांसह द्यावा. ‘मित्र तेथे जातो आहे’ हे मुलाचे कारण आणि ‘भावकीत नाव राहील’ हे पालकांचे कारण, ही दोन्ही बाद धरावीत. शेजारच्या मुलाशी तुलना तर कधीच करू नये. गुणांबद्दल बोलायचे ते एकदा, शांतपणे. रोजच्या जेवणाच्या ताटावर नव्हे.

प्रवेश झाला की काम संपत नाही. वसतिशाळेत घंटेवर उठणे, घंटेवर अभ्यास आणि घंटेवर जेवण यांची सवय असलेल्या मुलाला महाविद्यालयात एकदम मोकळीक मिळते. पहिल्या सहा महिन्यांत तो बिथरतो किंवा बुजतो. त्या काळात आठवड्यातून एक निवांत फोन, महिन्यातून एक भेट आणि पहिल्या सत्राच्या निकालानंतर प्राध्यापकांची एक गाठ, एवढे पालकांनी करावेच. विषय खरोखरच चुकला असे पहिल्या वर्षी दिसले, तर शाखा बदलण्यात नामुष्की नाही. चौथ्या वर्षापर्यंत रेटण्यात मात्र नुकसान आहे.

माजी विद्यार्थ्यांकडून अपेक्षा

सुभेदार रामजींना बडोद्याच्या महाराजांपर्यंत पोहोचण्याची वाट ठाऊक नव्हती; ती केळुसकर गुरुजींना ठाऊक होती. आपल्या पालकांनाही पुष्कळदा पैशाइतकीच अशा माणसाची उणीव भासते. हे काम या शाळेचे माजी विद्यार्थी करू शकतात. आपण ज्या महाविद्यालयात शिकलो त्याची खरी माहिती सांगणे, अर्ज भरताना एक संध्याकाळ पालकांशेजारी बसणे, नव्या शहरात आलेल्या मुलाला खोली शोधून देणे, आणि परीक्षेपूर्वी एकदा त्याची चौकशी करणे, यासाठी मोठी देणगी लागत नाही. प्रत्येक तुकडीतील चार जणांनी दर वर्षी एकेका मुलाची जबाबदारी घेतली, तरी या स्मरणिकेचे चीज होईल.

घरी करावयाचा अभ्यास

निकालाच्या आठवड्यात पालक आणि मुलगा किंवा मुलगी यांनी एका वहीत पुढील उत्तरे स्वतंत्रपणे लिहावीत व नंतर एकत्र वाचावीत : गेल्या तीन परीक्षांत सातत्याने चांगले गुण असलेले दोन विषय कोणते? कंटाळा न येता तासभर करता येईल असे काम कोणते? पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च किती, आणि त्यातील कोणती रक्कम नक्की हाती आहे? प्रत्यक्ष पाहिलेली महाविद्यालये कोणती? तेथील अडल्या वेळी ज्याच्याकडे जाता येईल असा एक तरी माणूस कोण?

दोन्ही उत्तरे जेथे जुळत नाहीत, तेथे थांबून बोलावे. शेवटच्या प्रश्नाची जागा कोरी राहिली असेल, तर अर्ज भरण्यापूर्वी शाळेत यावे. तो माणूस आपण मिळून शोधू.